गॅरेजात आयटीआयचं पोरगं अप्रेंटिस ठेवलं तर टॅक्समध्ये काय सुटतंय का?

अनगोळचा गॅरेजवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला माझं टू व्हीलर गॅरेज हाय, हाताखाली चार पोरं. बीएस ६ च्या (धुराच्या नवीन नियमाच्या) गाड्या आल्यापासनं नुसता पाना फिरवून भागत नाही, स्कॅनर लावून एरर कोड बघायला लागतंय आणि जुन्या पोरांना ते नकोच वाटतंय, म्हणून आयटीआय झालेलं एखादं पोरगं अप्रेंटिस म्हणून घ्यावं म्हणतोय. मेव्हणा कोल्हापूरला असतोय, तो म्हणतोय सरकार पैसे देतंय, वर टॅक्समध्ये पण सूट मिळतीया. आमच्या इकडं कर्नाटकात हे लागू हाय काय? उलाढाल तीसेक लाख, रिटर्न दरवर्षी भरतोय. खरं ऐकीव नको, माहीत असलेल्यानं सांगा की.

टिळकवाडी टॅक्सवाला:
तुमच्या मेव्हण्यानं दोन गोष्टी एकत्र कालवल्यात. टॅक्सची सूट म्हणतात ती आयकराचं कलम ८०जेजेएए (नंबर जुन्या कायद्यातला, सगळ्यांच्या तोंडात तोच आहे). नवीन माणूस घेतला की त्याच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट, तीन वर्षं. पण कुणाला? ज्याला टॅक्स ऑडिट, म्हणजे सीएकडनं हिशेब तपासून घेणं, लागतं त्याला. आणि माणूस पीएफमध्ये पाहिजे, पगार महिना २५ हजाराच्या आत पाहिजे. कायद्यानं ठेवलेल्या अप्रेंटिसला पीएफच लागू नाही, म्हणजे तिथंच पत्ता कट.
तुम्ही बहुतेक ४४एडी मध्ये (छोट्या धंद्याला उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरायची पद्धत) भरत असणार, ८ टक्के नफा, ऑनलाइन आलेल्या पैशावर ६. त्यात स्टायपेंडचा (अप्रेंटिसला द्यायच्या विद्यावेतनाचा) खर्च वेगळा दाखवता येत नाही. आणि तीस लाखाचे ८ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, दुसरं उत्पन्न नसेल तर नवीन पद्धतीत १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य. भरायचाच नाही त्यातनं सूट कसली मागताय मालक 😄

निपाणी वर्कशॉप:
टॅक्सचं सोडा, स्टायपेंडचं सांगतो, मी एक पोरगं ठेवलंय. स्कीम केंद्राची हाय, नॅप्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना) म्हणत्यात, २०१६ पासनं हाय, त्यामुळं कर्नाटक महाराष्ट्र असला प्रश्न येत नाही. चार किंवा जास्त माणसं असली की घेता येतंय, तीस झाली की घ्यायलाच लागतंय. २०१९ च्या नियमात आयटीआय झालेल्याला कमीत कमी ७००० धरलेत, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढवून. त्याचा पाव हिस्सा सरकार देतंय खरं जास्तीत जास्त १५००, म्हणजे ७००० ला १७५० न येता १५०० च येत्यात आणि ५५०० तुमच्या खिशातनं. आणखी एक, २०२३ पासनं ते १५०० तुमच्या हातात येतच नाहीत, डायरेक्ट पोराच्या खात्यावर. आधी आपण पूर्ण द्यायचो मग परत मिळायचे आणि त्याची वाट बघत बसायला लागायचं, त्यापेक्षा हे बरं.
पोराबरोबरचा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करायचा. तिथं आमचं घोडं अडलं. आधारवर पोराचं आडनाव कानडीतनं इंग्रजी करताना 'पाटीला' करून ठेवलेलं, मार्कशीटवर पाटील, आणि खातं आधारला जोडलेलं नाही. ते निस्तरता निस्तरता पावसाळा संपला की वो. म्हणून पोरगं पसंत करताना गाडी खोलायला सांगायच्या आधी आधार आणि पासबुक मागा.

अनगोळचा गॅरेजवाला:
टॅक्सवाले साहेब, कळलं 🙏 खरं मेव्हणा म्हणतोय त्यांच्यात आयटीआयवाल्याला आठ हजार सगळेच्या सगळे सरकार देतंय. मग ते काय?

चंदगडकर:
ती महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ची. पोरगं महाराष्ट्राचं रहिवासी पाहिजे आणि आस्थापना पण महाराष्ट्रातली. गॅरेज हद्दीपलीकडं शिनोळीला हलवा मग, बेळगावची गिऱ्हाईकं तेवढी लांब येतील का बघा 😀 आणि ती ठरावीक महिन्यांची ट्रेनिंग आहे, अप्रेंटिस कायद्यातली नाही. त्यातनं अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळत नाही.

खानापूरचा मेकॅनिक:
मी पोराच्या बाजूनं बोलतो, मोटर मेकॅनिकचा आयटीआय करून अप्रेंटिस केलंय. मालक लोकांनो, सरकारचे पंधराशे येत्यात म्हणून स्वस्तातला हेल्पर मिळाला असं धरू नका. मी होतो तिथं कितीतरी दिवस गाड्या धुवायला आणि चहा आणायलाच लावलं, फिलर गेज (टॅपेटची फट मोजायची पट्टी) हातात आला तो एक जुना मिस्त्री रजेवर गेला म्हणून. शेवटी परीक्षा असती राव, टॅपेट सेट करा म्हटलं तर काय चहा सांगायचा? शिकवणार असाल तरच ठेवा. ठेवलंत तर पोरगं इमानदारीत काम करतंय.

निपाणी वर्कशॉप:
बरोबर हाय भावा, खरं आमचं पण ऐक. शिकून तयार झालं की पोरगं कोल्हापूरकडं शिरोलीच्या कारखान्यात नाहीतर गोव्याला, आणि आम्ही परत नवीन शोधतोय.

टिळकवाडी टॅक्सवाला:
त्याला कायद्यात इलाज नाही. करारात तसं काही लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर तुम्ही नोकरी द्यायला बांधील नाही आणि तो राहायला बांधील नाही. राहिला तर तेव्हाचा पगार बघून राहील.
अनगोळवाले, एक राहिलं. चेन स्प्रॉकेटमध्ये पोराचं बोट गेलं तर भरपाई मालकावर येते, अप्रेंटिस असला तरी. विम्याचं आधी विचारून घ्या.

अनगोळचा गॅरेजवाला:
हे कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या विम्याच्या माणसाला बोलावतो. खानापूरचे भाऊ, तुमच्या बॅचचं कोण मोकळं हाय काय? स्कॅनर आणलाय, अजून खोक्यातच हाय.