एफपीजीए बोर्डावर लोडसेलचा सिग्नल दिसत नाही: चूक जोडणीची की बिटफाइलची?

प्रयोगशाळा_सहायक

नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागात काम करतो. उंचावरून वजन सोडून प्लास्टिकच्या पट्ट्या फोडण्याची आघात-चाचणी आमच्याकडे होते. पडणाऱ्या वजनाच्या टोकाशी ३५० ओहमचा स्ट्रेनगेज लोडसेल (ताण पडला की रोध बदलणाऱ्या गेज-पट्ट्यांचा बलमापक) बसवलेला असून त्याची संवेदनशीलता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट आहे. म्हणजे १० व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट मिळतात.

जुना ऑसिलोस्कोप बंद पडल्यावर आम्ही आणि भौतिकशास्त्र विभागाने निम्मे-निम्मे पैसे घालून रेड पिटायाचे १२५-१४ हे बोर्ड घेतले. त्यातल्या झिंक ७०१० चिपमध्ये प्रोसेसर आणि एफपीजीए (आतली रचना फाइल घालून पुन्हा बदलता येते असे हार्डवेअर) एकत्र असल्यामुळे तेच बोर्ड आमच्याकडे ऑसिलोस्कोप म्हणून आणि त्यांच्याकडे (गोंगाटातून ठरावीक वारंवारतेचा सिग्नल वेचणारा) लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर म्हणून वापरता येईल, असा हिशेब होता.

लोडसेलच्या लाल आणि काळ्या तारा मी पॉवर सप्लायला जोडल्या, हिरवी तार इनपुटच्या मधल्या पिनेला आणि पांढरी कनेक्टरच्या बाहेरच्या कवचाला जोडली. बोर्डाला वीज डेस्कटॉप संगणकाच्या यूएसबीतून दिली आहे. जंपर (इनपुटचा पल्ला निवडणारी बोर्डावरची छोटी जोडणी) ±१ व्होल्टवर असताना रेषा पडद्याच्या वरच्या टोकाला चिकटून बसते. ±२० व्होल्टवर ती ५ व्होल्टच्या आसपास सरळ धावते आणि वजन आदळले तरी किंचित जाड होण्यापलीकडे काही घडत नाही. दोन वेगवेगळ्या बिटफाइल (एफपीजीएची रचना ठरवणाऱ्या फाइल) घालून पाहिल्या, फरक पडला नाही. हार्डवेअर पुन्हा रचता येते असे म्हणतात, तर इनपुटचा पल्ला एफपीजीएमधूनच का बदलता येऊ नये?

तारजोडणी

सर्वप्रथम पॉवर सप्लाय बंद करावा आणि पांढरी तार सोडवावी; बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

आपल्या सप्लायचे ऋण टोक बहुधा अर्थिंगला बांधलेले आहे, आणि डेस्कटॉपच्या यूएसबीमुळे बोर्डाच्या कनेक्टरचे कवचही अर्थिंगला जाते. म्हणजे पांढरी आणि काळी तार परस्पर जोडल्या गेल्या आणि ब्रिजची, म्हणजे लोडसेलमधल्या चार गेजच्या चौकोनी जोडणीची, एक भुजा शॉर्ट झाली. एरवी दोन गेजमध्ये मिळून विभागले जाणारे १० व्होल्ट आता शेजारच्या एकट्या गेजवर पडत आहेत. त्यातला प्रवाह १४ मिलिअँपिअरवरून सुमारे २८ वर, म्हणजे दुप्पट, आणि उष्णता चौपट झाली आहे. असा गेज लगेच जळत नाही, पण तापून शून्य सरकवत राहतो आणि मागाहून कोणालाही कारण उमगत नाही.

आता ती जाड रेषा. हिरव्या तारेवर मुळातच ५ व्होल्ट असतात, कारण ती ब्रिजच्या मधोमध असते. आपल्याला हवे आहेत त्यावर स्वार झालेले काही मिलिव्होल्ट. १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या असतात. ±२० व्होल्टच्या पल्ल्यात एक पायरी जवळपास २.४४ मिलिव्होल्टची होते आणि अर्धाच ब्रिज चालू असल्यामुळे सिग्नलही निम्मा, १० मिलिव्होल्ट उरतो. चार पायऱ्यांत आघाताचा आलेख कसा उमटणार?

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. बिटफाइल बदलल्याने बदलते ते अंकीय रूपांतराच्या पुढचे सगळे: फिल्टर, नोंदीचा क्षण ठरवणारा ट्रिगर, गुणाकार, साठवण. त्याच्या अलीकडचे विभाजक, रोध आणि जंपर तांब्यात आणि सोल्डरमध्ये आहेत तसेच राहतात. व्होल्टेज आत शिरतानाच जे हरवले, ते नंतरची कोणतीही रचना परत आणू शकत नाही.

इनपुटच्या आधी, दोन तारांमधला फरक तेवढाच वाढवणारा, एक इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर लावावा. एडी६२० ही चिप ±१२ व्होल्टवर चालवली, तर ब्रिजचे सामाईक ५ व्होल्ट ती आरामात पचवते. तिचा गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा, १ अधिक ४९.४ किलोओहम भागिले आपला रोध इतका असतो. १ किलोओहम घातल्यास तो ५०.४ होईल आणि पूर्ण भाराला सिग्नल १ व्होल्टच्या किंचित वर जाऊन माथा छाटला जाईल. १.२ किलोओहम घालावा. गेन सुमारे ४२ मिळतो, सिग्नल ०.८४ व्होल्टवर थांबतो, आणि ±१ व्होल्टच्या पल्ल्यात त्याला ६,९०० पायऱ्या मिळतात. चारांच्या जागी सहा हजार नऊशे! चिपच्या संदर्भ पिनेला आणि पुरवठ्याच्या मध्यबिंदूला बोर्डाच्या ग्राउंडशी जोडण्यास विसरू नये, आणि बोर्डाला वीज ५ व्होल्टच्या वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवरून द्यावी.

कारखाना_चाचणी

वरील निदान बरोबर आहे. माझी भर स्मृतीबद्दल आहे, कारण पुढची अडचण तिथेच येणार आहे. या बोर्डाचा नेहमीचा बफर १६,३८४ नमुन्यांचा आहे आणि १२५ मेगानमुने प्रति सेकंद या पूर्ण वेगाने तो १३१ मायक्रोसेकंदांत भरतो. प्लास्टिकची पट्टी फुटायला काही मिलिसेकंद लागतात. डेसिमेशन (किती नमुन्यांमागे एक साठवायचा तो आकडा) ६४ ठेवल्यास खिडकी ८.४ मिलिसेकंदांची होते आणि १,०२४ ठेवल्यास १३४ मिलिसेकंदांची. आपल्याला ६४ पुरावे. मात्र ट्रिगरच्या आधीचा भागही साठवला जाईल असे पाहावे, नाहीतर चढती बाजू हातची जाते.

स्पष्ट बोलायचे तर या चाचणीला एफपीजीएची गरजच नव्हती. एखादा साधा यूएसबी ऑसिलोस्कोपही पुरला असता. एफपीजीएची किंमत वसूल होते ती मोजमापावरून तत्क्षणी निर्णय घ्यावा लागतो तेव्हा, आणि या बोर्डाच्या ८ नॅनोसेकंदांच्या टिकटिकीला बांधलेले उत्तर प्रोसेसरवरच्या लिनक्सकडून मिळत नाही. आपल्या भौतिकशास्त्राच्या मंडळींचे लॉक-इन किंवा लेसरचे नियंत्रण हे एफपीजीएचे खरे काम आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नव्या वाइडबँड प्रणालीत हीच वाटणी दिसते: एफपीजीए बोर्डे अँटेनांचे सिग्नल अंकीय करून पाकिटांत भरतात आणि गणिताचा मोठा भार ग्राफिक्स प्रोसेसर उचलतात.

औद्योगिक मांडणीत अ‍ॅनालॉग भागही बदलता यावा, यासाठी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉम्पॅक्टआरआयओसारख्या प्रणाली असतात. चेसिसमध्ये एफपीजीए कायम राहते आणि समोर कामाप्रमाणे मॉड्यूल खोवायचे. लोडसेलसाठीचे ९२३७ हे मॉड्यूल चार वाहिन्यांचे आणि २४ बिटांचे आहे. ब्रिजचा पुरवठाही तेच देते. पण त्याचा कमाल वेग वाहिनीमागे सेकंदाला ५० हजार नमुन्यांचा आहे आणि किमतीला महाविद्यालयाची खरेदी समिती कितपत मान डोलावेल, हे आपण जाणताच.

एक अनुभव सांगतो. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तिथे पंपांच्या चाचणी-बाकावरचे एफपीजीए एका अभियंत्याने रचले होते. तो नोकरी सोडून गेल्यावर कळले की आमच्याकडे फक्त तयार बिटफाइल आहे, स्रोत नाही. एका झडपेची वेळ २ मिलिसेकंदांनी बदलायची होती, त्यासाठी सबंध रचना नव्याने लिहावी लागली.

प्रयोगशाळा_सहायक

दोघांचेही आभार. सप्लायचे ऋण टोक पत्र्याच्या पट्टीने अर्थिंगला बांधलेलेच निघाले. एडी६२० आणि १.२ किलोओहम छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर केले, डेसिमेशन ६४ आणि एक चतुर्थांश खिडकी ट्रिगरच्या आधी ठेवली. काल पहिल्यांदा पूर्ण आलेख मिळाला: सुमारे ५ मिलिसेकंदांचा डोंगर आणि त्यावर बारीक लहरी. त्या लहरी वजनाच्या स्वतःच्या कंपनाच्या असाव्यात असे वाटते, कारण पट्टी बदलली तरी त्यांचा कालावधी बदलत नाही.

लोडसेलचा शून्य पहिल्या दिवशी सरकत होता. रात्रभर पुरवठा तोडून ठेवल्यावर सकाळी तो जुन्या नोंदवहीतल्या आकड्यावर परतला, त्यामुळे गेज वाचला असे समजतो. भौतिकशास्त्र विभाग गुरुवारी बोर्ड नेणार आहे. जंपर कोणत्या बाजूला आहेत हे डबीच्या झाकणावर कागद चिकटवून लिहिले आहे, आणि बिटफाइलच्या फोल्डरमध्ये तिचा स्रोतही ठेवला आहे.