किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे तुम्ही कुठं होता?

औशाचा_गडी: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, उशिरा झोपलेलो, मी सातवीत, अन् उतरंडीची गाडगी धडाधड खाली आली तवा जाग आली. तुमचं सांगा.

बीडकर७८: आजी म्हणली मांजर असंल, झोप. सकाळी रेडिओवर कळलं.

सास्तूरची_लेक: आमचं माळवद होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं अन् हातभर माती, उन्हाळ्यात गारगार, त्या रात्री तेच अंगावर आलं. मी बाजेखाली अडकले म्हणून वाचले, मामा नाही. १० हजाराच्या आसपास माणसं गेली म्हणतात, आमच्या आळीत तर मोजायलाच कोणी नव्हतं. अजून पत्र्याखालीच झोप लागते.

औशाचा_गडी: ताई, आम्ही पण महिनाभर बाहेरच झोपायचो, पावसात सुद्धा.