चौदा वर्षांचा हिशोब नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचा, की जुन्या वहीतच मिटून ठेवायचा?

काटकसर_४२

गेली चौदा वर्षं मी एकाच प्रोग्रॅममध्ये बँकखाती, घरखर्च, शेअर आणि म्युच्युअल फंड असं सगळं नोंदवतोय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर अर्धा धागा त्याच्यावरच खर्ची पडेल. पूर्वी तो एकदा विकत घेतला की आपला असायचा. आता दरवर्षी पैसे भरा, नाहीतर जुनी फाईल नुसती बघत बसा. नवी नोंद करता येणार नाही. वही माझी, अक्षर माझं, कुलूप मात्र त्यांचं.

म्हणून ग्नूकॅश या हिशोबाच्या प्रोग्रॅमवर जायचं ठरवलंय. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, फाईल माझ्याच संगणकावर राहते आणि आत पक्की द्विनोंदी पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून आली आणि कुठे गेली अशी दोन खात्यांत लिहायची. इथवर वाद नाही. वाद घरात पेटलाय. बायको म्हणते, आजची शिल्लक लिही आणि पुढे चल. माझं म्हणणं, जायचं तर पहिल्या नोंदीपासून सगळं घेऊन जायचं. पाच हजारांवर नोंदी हातानं घातल्यात, त्या टाकून कसा जाऊ? कोणी असं बिऱ्हाड हलवलंय का? आणि शेवटपर्यंत नेलंत का?

चक्रवाढ

वहिनींशी सहमत.

मी सगळं नेलं होतं. तीन रविवार त्यात गेले. जुन्या प्रोग्रॅममधून क्यूआयएफ फाईल निघते, नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायला. अगदी साधा प्रकार आहे तो: एका ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत रक्कम, मग कोणाला आणि कशासाठी, आणि नोंद संपली की टोपीसारखं एक चिन्ह. हा साधेपणाच नडतो. नोंदीला स्वतःचा क्रमांक नसतो. बचत खात्यातून गुंतवणूक खात्यात पैसे वळवले की तोच व्यवहार दोन्ही खात्यांच्या यादीत येतो, आणि नव्या प्रोग्रॅमला ते उमगलं नाही तर पैसे दोनदा हलतात. ओएफएक्स या दुसऱ्या फाईल-प्रकारात निदान प्रत्येक व्यवहाराला ओळखक्रमांक असतो, त्यामुळे तीच फाईल चुकून पुन्हा आत घेतली तरी नोंदी दुप्पट होत नाहीत.

त्यावर मी शहाणपणा केला. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) काढली आणि 'जरा बघू या' म्हणून स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली. १३ तारखेपासून पुढच्या तारखा तारीख म्हणून ओळखल्याच गेल्या नाहीत. त्या लगेच दिसल्या, सुधारल्या. पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी मात्र दिवस-महिना उलटा करून मुकाट भलत्या महिन्यात जाऊन बसल्या. ४ मार्चचा विम्याचा हप्ता ३ एप्रिलला. डिसेंबरअखेरची शिल्लक अगदी बरोबर, म्हणून मी खूश. मधल्या महिन्यांची एकही जुळेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

एवढं करून आज मला नऊ वर्षांपूर्वीचं विजेचं बिल दिसतं. ते मी एकदाही उघडून पाहिलेलं नाही.

जुनी_वही

तुमची चूक स्प्रेडशीटची होती, इतिहास नेण्याची नाही. वड्याचं तेल वांग्यावर.

मधली_ओळ

मला वाटतं दोघेही घरखर्च आणि गुंतवणूक एकाच पोत्यात भरताय. घरखर्चाचा इतिहास म्हणजे आठवणी. गुंतवणुकीचा इतिहास म्हणजे उद्याच्या विक्रीचा हिशोब. तिथे वहिनींचा सल्ला चालणार नाही.

एक उदाहरण घ्या. एका कंपनीचे १०० शेअर २०० च्या भावाने घेतले, पुढे ५० शेअर ३०० ने. एकूण ३५,००० गुंतले. मग शेअरचं विभाजन झालं, एकाचे दोन. आता हातात ३०० शेअर: २०० शेअरचा लॉट (एका वेळी घेतलेली खेप) १०० च्या भावाने पडलेला, १०० शेअरचा लॉट १५० ने. त्यातले १२० विकले. जे आधी घेतले ते आधी विकले असं धरलं, तर त्यांची खरेदी किंमत १२,०००. सरासरीने धरलं तर १४,०००. विक्री तीच, शेअर तेच, आणि नफ्यात २,००० चा फरक. कुठली पद्धत लागू ते त्या त्या ठिकाणचा करनियम सांगेल. पण लॉटच्या तारखा आणि भाव जवळ नसतील तर पहिली पद्धत मांडताच येणार नाही.

'आजची शिल्लक ३०० शेअर' एवढंच लिहून पुढे गेलात की हे सगळं पुसलं जातं. आणि क्यूआयएफमधून नेताना विभाजनाची नोंद गळली तर आणखी गंमत: नवा प्रोग्रॅम १५० च शेअर धरतो, भाव बाजारातून विभाजनानंतरचा उचलतो आणि तुमची गुंतवणूक निम्म्यावर आल्याचं लालभडक दाखवतो.

माझं मत: घरखर्चाची फक्त शिल्लक पुढे ओढा. जे शेअर आणि फंड आज हातात आहेत, त्यांचा प्रत्येक लॉट तारीख-भावासकट हातानं घाला. विकून संपलेलं जुन्या फाईलमध्ये राहू द्या, फक्त करासाठी लागतील तितक्या वर्षांचे कागद सांभाळा.

काटकसर_४२

हातानं? माझे फंडांत दरमहा हप्ते जातात. एकेका फंडाचे शंभरावर लॉट आहेत.

मधली_ओळ

मग फंडाकडून व्यवहारांचं विवरणपत्र मागवा आणि त्यावरून घाला. जुन्या प्रोग्रॅमपेक्षा ते जास्त भरवशाचं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या चुकाही आहेत.

साधी_फाईल

पुन्हा एका प्रोग्रॅमच्या पोटात का शिरताय? मायक्रोसॉफ्ट मनी हा हिशोबाचा प्रोग्रॅम आठवतोय का कोणाला? २००९ मध्ये विक्री बंद, २०१० मध्ये 'सनसेट' नावाची आवृत्ती फुकट वाटून निरोप. तसंच मिंट, ते २००९ मध्ये इंट्यूट कंपनीने विकत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद केलं. एक संगणकावर चालणारं, एक वेबवर. दोन्हींमागे बडी कंपनी, दोन्ही गेली.

मी साध्या मजकूर फाईलमध्ये लिहितो. ती वाचून हिशोब मांडणारं, आज्ञा टाइप करून चालवायचं जॉन विगली यांचं लेजर २००३ पासून आहे, त्याच वळणाची एचलेजर आणि बीनकाउंटही आहेत. नोंद अशी दिसते (इथे मराठी आकड्यांत):

२०२४-०५-०६ विजेचं बिल
    खर्च:वीज      १२४०
    बँक:चालू     -१२४०

बस. दोन ओळींची बेरीज शून्य आली नाही तर लेजर ओरडतं. उद्या हे सगळे प्रोग्रॅम बुडाले तरी ही नोंद कोणालाही वाचता येईल. खात्यांची नावं मराठीत चालतात, हा वरचा आनंद.

चक्रवाढ

तुम्हाला वाचता येईल. घरातल्या बाकीच्यांचं काय? मला उद्या काही झालं तर बायको काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसणार का? हिशोब एकट्याचा नसतो हो.

साधी_फाईल

मुद्दा मान्य. मी दर तिमाहीला एक पान छापून कपाटात ठेवतो. (ते कोणी वाचतं का, हा वेगळा प्रश्न.)

जुनी_वही

माझं सरळ मत: हलूच नका. वर्षाची वर्गणी भरा आणि गप्प बसा. तुमच्या तीन-चार रविवारांची किंमत धरली का कोणी? प्रोग्रॅम बदलण्याची हौस हा हिशोब न लिहिण्याचा सभ्य बहाणा आहे. मी स्वतः चारदा बदललाय, म्हणून सांगतो. नव्याचे नऊ दिवस खर्चाचे प्रकार लावण्यात जातात, रंगीत आलेख बघण्यात जातात, मग दोन महिने नोंदच नाही. आणि मायक्रोसॉफ्ट मनीची ती शेवटची आवृत्ती अजून वापरणारे लोक आहेत. बंद पडलेला प्रोग्रॅम म्हणजे मेलेला प्रोग्रॅम नव्हे.

काटकसर_४२

पण त्या आवृत्तीला कुलूप नव्हतं. माझ्याला आहे. तीच तर तक्रार आहे.

सोनचाफा

हलवताना एक गोष्ट बघा, माझी चांगलीच फजिती झाली होती. जुना प्रोग्रॅम माझा परतावा वर्षाला उणे साडेचौदा टक्के दाखवायचा. नवीन प्रोग्रॅममध्ये त्याच नोंदी घातल्या तर अधिक साडेनऊ! मी दोन दिवस हवेत होते.

मग कागदावर मांडलं. पहिल्या वर्षी १०,००० घातले, त्यांचे १५,००० झाले. ते बघून जोर आला आणि आणखी ८५,००० ओतले. दुसऱ्या वर्षी एक लाखाचे ८०,००० झाले. आता 'पैसे किती होते' हे न बघता फक्त वर्षांचे टक्के गुणले (अधिक ५०, मग उणे २०) तर दोन वर्षांत २० टक्के, म्हणजे वर्षाला साडेनऊ. हा काळभारित परतावा. पण माझे बहुतेक पैसे पडत्या वर्षातच होते. ९५,००० घालून ८०,००० उरले. एक्सआयआरआर (कधी किती पैसे घातले तेही धरून काढलेला वार्षिक परतावा) लावला की उणे साडेचौदा.

दोन्ही आकडे खरे. साडेनऊचा आकडा फंड कसा होता ते सांगतो, उणे साडेचौदाचा मी कशी होते ते.

मधली_ओळ

वा! पोर्टफोलिओ परफॉर्मन्स नावाचा गुंतवणुकीचा प्रोग्रॅम हे दोन्ही आकडे दाखवतो. ग्नूकॅश गुंतवणुकीच्या परताव्यात तसं कच्चंच. काटकसर, तुमचा भर शेअर-फंडांवर असेल तर दोन वेगळे प्रोग्रॅम ठेवायचा विचार करा.

जुनी_वही

झालं! एकाचे दोन झाले. मी म्हणालो नव्हतो?

काटकसर_४२

दीड महिन्यानंतर लिहितोय. शेवटी मधली_ओळ यांचंच बहुतांशी ऐकलं. घरखर्चाची शिल्लक १ तारखेला ओढली, हातातले लॉट विवरणपत्रावरून घातले. तेव्हापासून जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवतोय. जुन्याची वर्गणी संपायला अजून दोन महिने आहेत.

सगळं जुळलं, एक फंड सोडून. जुन्यात ११.३७२ युनिट कमी. दोन रात्री शोधलं. नवव्या वर्षी मिळालेला एक लाभांश परस्पर त्याच फंडात पुन्हा गुंतवला गेला होता आणि मी तो बँकेत जमा झाला असं लिहिलं होतं. बँकेचा ताळा लागेना म्हणून तेवढीच रक्कम 'किरकोळ खर्च' दाखवून मोकळाही झालो होतो. म्हणजे पाच वर्षं चूक माझीच, आणि खर्च कुठे झाला म्हणून मी बायकोला विचारत होतो.

चक्रवाढ

वहिनींना सांगितलंत का?

काटकसर_४२

त्यांनीच शोधून दिली.