बाबांच्या पंचाहत्तरीसाठी जुने एचएमटी जनता घड्याळ निवडायचे आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. येत्या मार्गशीर्षात माझ्या वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्यांना एचएमटी कंपनीचे जनता हे चावीचे मनगटी घड्याळ द्यायचे, हे आम्हा भावंडांचे ठरले आहे; परंतु नेमके कोणते घ्यावे, इथे आम्ही अडलो आहोत.

१९७८ साली धान विकून आलेल्या पैशांतून बाबांनी नागपुरात पांढऱ्या तबकडीचे जनता घेतले होते. रोज सकाळी आंघोळ झाली की आधी घड्याळाला चावी आणि मग देवपूजा, असा त्यांचा क्रम सोळा वर्षे चुकला नाही. १९९४ च्या रोवणीत पट्ट्याची पिन निसटली आणि घड्याळ बांधीच्या चिखलात गेले. आम्ही मुलांनी दोन दिवस पऱ्ह्यांच्या मुळाशी हात घालून शोधले, पण ते हाती लागले नाही. पुढे सेलवर चालणारी दोन घड्याळे घरात आली. ती खुंटीलाच राहिली. आमच्याच तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या धानाला व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय एचएमटी घड्याळाचे नाव दिले. त्यामुळे 'एचएमटी' हा शब्द आमच्या घरात रोज उच्चारला जातो, आणि दर वेळी मला ते हरवलेले घड्याळ आठवते.

सध्या दोन घड्याळे समोर आहेत. नागपूरच्या एका जुन्या कारागिराकडील घड्याळाची तबकडी पिवळसर पडली आहे, सहाच्या आकड्याजवळ गंजाचे दोन ठिपके आहेत, मात्र काटे आणि चावी मूळची असावी असे वाटते. दुसरे इंटरनेटवर दिसले. त्याची गडद निळी तबकडी अगदी नवीकोरी दिसते आणि किंमतही कमी आहे. परंतु कंपनीने कधीच न काढलेल्या रंगांत तबकड्या पुन्हा रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून अशी घड्याळे विकली जातात, असे वाचल्यापासून माझा त्यावर विश्वास बसत नाही. माझा कल पहिल्याकडे आहे. मागचे झाकण उघडून १७ ज्वेल्सचे (चाकांचे घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) मशीन पाहताना कंपनीच्या छापाखेरीज आणखी काय तपासावे? पूर्ण चावी दिल्यावर ते किती तास चालले पाहिजे, आणि दिवसाला किती मिनिटांचा फरक या वयाच्या घड्याळात चालवून घ्यावा? तबकडी स्वच्छ करून घ्यावी की डागांसह तशीच ठेवावी, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

आईने काढलेली शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाबांच्या बोटांची पेरे आता सुजतात, आणि जनताची चावी लहान असते. त्यांना ती रोज फिरवता येईल का? भावाच्या मते एचएमटीचेच ऑटोमॅटिक कांचन घ्यावे, म्हणजे चावीचा प्रश्न उरणार नाही. पण मनगटाच्या हालचालीवर चालणारे घड्याळ, दिवसाचा बराच वेळ ओसरीवर बसून काढणाऱ्या माणसाच्या हातावर कितपत चालेल? शिवाय सकाळची ती चावीच तर त्यांना परत द्यायची आहे. वयस्कर आईवडिलांना चावीचे घड्याळ दिलेल्या कोणी आपला अनुभव सांगितला, तर फार उपयोग होईल.

कारागिराने ते घड्याळ कोजागिरीपर्यंत राखून ठेवले आहे.