मदत हवी आहे: नव्या मॉनिटरवर डेड पिक्सेल, बदलून मिळेल का?

२७ इंची, २५६०×१४४० आयपीएस मॉनिटर, ऑनलाइन घेतलेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मधोमध एक काळा ठिपका दिसतो, तर काळ्यावर उजव्या कडेला एक हिरवा. लाल आणि निळ्या पडद्यावरही काळा ठिपका तसाच, म्हणजे त्या पिक्सेलचे तिन्ही सबपिक्सेल (लाल, हिरवा, निळा हे भाग) गेलेत. हिरव्याचा एकच सबपिक्सेल अडकलाय, म्हणजे सतत पेटलेला राहतो.

धूळ नाही, पुसून पाहिलंय. केबल, पोर्ट, लॅपटॉप बदलले; मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला तरी ठिपके जागच्या जागी, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न नाही. अडकलेला सबपिक्सेल सुटावा म्हणून रंग भराभर बदलणारा व्हिडिओ रात्रभर चालवला, फरक शून्य. बोटाने दाबायचा सल्ला कृपया देऊ नका, पॅनलवर डाग पडला तर वॉरंटीही जाईल.

कंपनीच्या वॉरंटीत पाचपेक्षा कमी काळे ठिपके 'दोष' नाहीत, पण सतत उजळ राहणाऱ्या ठिपक्याची मर्यादा शून्य आहे. विक्रेत्याकडे बदलून घ्यायची मुदत शुक्रवारी संपते. खोका, थर्माकोल, बिल सगळं आहे. पैसे परत नकोत, हेच मॉडेल हवंय.

एकच हिरवा सबपिक्सेल 'उजळ ठिपका' म्हणून सर्व्हिस सेंटरवाले मान्य करतात का? आणि कंपनीकडून गेलो तर नवा मॉनिटर मिळतो की दुरुस्त केलेला?