वेगवेगळ्या मापांच्या आणि जाडीच्या गाद्यांना नीट बसणाऱ्या चादरी

प्रश्न : निशिगंध, पुणे

आमच्या घरात तीन गाद्या आहेत आणि तिन्हींची मापे वेगळी आहेत. आई-बाबांच्या लाकडी पलंगावर ७२ बाय ४८ इंचांची, ४ इंच जाडीची कापसाची गादी आहे. मुलाच्या दिवाणावर ७५ बाय ३६ इंचांची, ५ इंच जाडीची काथ्याची गादी आहे. आमच्या बेडवर गेल्या दिवाळीत घेतलेली ७८ बाय ७२ इंचांची, ८ इंच जाडीची फोमची गादी असून तिच्यावर आता २ इंचांचा टॉपरही (गादीवर टाकायचा मऊ थर) घातला आहे. मी दुकानात ‘डबल बेडसाठी’ एवढेच सांगून ९० बाय १०० इंचांच्या चार चादरी आणि मुलासाठी ६० बाय ९० इंचांच्या दोन चादरी आणल्या. आई-बाबांच्या गादीवर चादर उत्तम बसते, पण आमच्या गादीवर ती खाली खोचताच येत नाही आणि मुलाची चादर बाजूंनी पक्की राहूनही पायथ्याशी रोज निघते. शेवटी इलॅस्टिकची चादर घेतली, तर तिचा एक कोपरा बसवला की समोरचा निसटतो. सगळ्या गाद्यांना चालेल असे एखादे माप आहे का, की प्रत्येक गादीसाठी वेगळी खरेदी करावी लागेल?

उत्तर : काठपदर

निशिगंधताई, दोष चादरींच्या प्रतीचा नसून वजाबाकीचा आहे. चादरीच्या रुंदीतून गादीची रुंदी वजा करावी, मग जाडीची दुप्पट वजा करावी आणि उरेल त्याचे निम्मे करावे. तेवढे कापड प्रत्येक बाजूला गादीखाली जाते. लांबीचा हिशोबही असाच करावा. आपल्या मोठ्या गादीची जाडी टॉपर धरून १० इंच होते, म्हणजे केवळ दोन्ही बाजूंनी तळापर्यंत पोहोचायलाच ९२ इंच रुंदी हवी आणि आपली चादर तर ९० इंचांचीच आहे. लांबीकडे जेमतेम एकेक इंच उरतो. मुलाच्या चादरीला बाजूंनी ७-७ इंच मिळतात, पण डोक्याकडे व पायाकडे फक्त अडीच-अडीच इंच उरतात, म्हणून ती तेथेच निघते. झोपेत पाय झाडणाऱ्या मुलासाठी निदान ६ इंच तरी खोचलेले असावेत, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या गादीसाठी १०८ बाय १०८ इंचांची साधी चादर घ्यावी. तिला रुंदीत ८-८ आणि लांबीत ५-५ इंच मिळतील. मात्र सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते. ते ५ टक्के आटले तर १०८ इंचांतले ५ इंचांहून अधिक कापड जाते आणि लांबीकडचे खोचणे अडीच इंचांच्याही खाली येते. त्यामुळे कापड आधी आटवलेले आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कापसाच्या गादीला इलॅस्टिकची चादर मुळीच घेऊ नये. पिंजून आणल्यावर ती गादी फुगते, वर्षभरात पुन्हा दबते आणि तिच्या कडा मध्यापेक्षा पातळ असतात. अशा बदलत्या जाडीला साधी चादरच सांभाळून घेते.

उत्तर : टेम्सकाठचा सातारकर

परदेशातून चादरी मागवण्याचा किंवा कोणी भेट देण्याचा प्रसंग येतो, म्हणून एक भर घालतो. तेथील ‘किंग’ हा शब्द पाहून फसू नये. ब्रिटनमधील किंग गादी १५० बाय २०० सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ५९ बाय ७९ इंचांची असते. ती आपल्याकडच्या ६० बाय ७८ इंचांच्या क्वीन गादीच्या जवळची आहे. अमेरिकेतील किंग ७६ बाय ८० इंचांची असल्यामुळे तिची इलॅस्टिकची चादर आपल्या ७२ बाय ७८ इंचांच्या गादीवर ढिली पडते आणि मध्यभागी सुरकुत्या येतात. मी बहिणीसाठी येथून हौसेने नेलेला किंग संच अखेर तिच्या पाहुण्यांच्या खोलीत गेला. पाकिटावर नावाऐवजी आकडे वाचावेत आणि त्यांतही खिशाची खोली, म्हणजे इलॅस्टिकच्या चादरीचा कोपरा किती जाड गादीवर बसतो तो आकडा, अवश्य पाहावी.

उत्तर : तागा-वार

इलॅस्टिकची चादर निसटते याचे कारण बहुधा तो खिसाच असावा. ८ इंचांच्या गादीसाठी केलेला खिसा १० इंचांवर ताणला, की तळाखाली धरायला कापड उरत नाही. माझ्या मते शिवून घेणे सर्वांत बरे. १०८ इंच पन्ह्याचे सुती कापड ३ मीटर घ्यावे, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे आणि मगच मापे टाकावीत. १० इंच जाडी आणि तळाखाली ४ इंच धरले, तर ७२ बाय ७८ इंचांच्या गादीला १०० बाय १०६ इंच कापड लागते. चारही कोपऱ्यांवर १४ इंचांचा चौकोन आखावा, पण शिवणीसाठी अर्धा इंच सोडून साडेतेरा इंचांचाच कापावा. येथे घाई केली तर चादर वरच्या अंगाला आखूड होते. इलॅस्टिक फक्त कोपऱ्यांना न लावता पूर्ण कडेने फिरवावे, म्हणजे ओढ सगळीकडे सारखी राहते. अशी चादर उकळत्या पाण्यात घालू नये आणि सावलीत वाळवावी, कारण उष्णतेने इलॅस्टिक कापडाच्या आधी मरते.

कमी पन्ह्याचे कापड स्वस्त मिळाले आणि जोड देणे भागच पडले, तर तो मधोमध न देता दोन्ही कडांना द्यावा. मधला जोड पाठीला टोचतो.

निशिगंध

सर्वांचे आभार. मोजपट्टी लावल्यावर कळले की टॉपर मध्ये दबल्यामुळे तेथे ९ इंचच जाडी भरते, पण कोपऱ्यांवर ती पूर्ण १० आहे. चादर कोपऱ्यांवरच अडते, म्हणून शिंप्याला १० हाच आकडा लिहून दिला आहे. ९० बाय १०० च्या चारही चादरी आई-बाबांकडे गेल्या. मुलाच्या दिवाणासाठी मात्र लांबी ९७ इंचांहून अधिक हवी असल्याने तेथेही त्याच मोठ्या चादरींपैकी एक, लांबीकडे १०० इंच ठेवून, अंथरून पाहिली. बाजूंना प्रत्येकी २२ इंच कापड खाली जाते, ते जरा गबाळे दिसते, परंतु सकाळी पायथ्याची घडी जागेवर होती.