लॅबमध्ये रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) वाढवतात म्हणजे नक्की काय करतात?

माझ्या मामेभावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे रेटिना हळूहळू खराब होत जाणारा आनुवंशिक आजार, अंधार पडला की त्याला काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले आता पेशंटच्या रक्तापासून रेटिना बनवून रिसर्च करतात. खरंच होतं का असं? उंदरांवरच करतात ना सगळं?

— हो, होतं. रक्तातल्या पेशी आधी स्टेम सेलच्या (जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी) अवस्थेत परत नेतात, मग त्यातून रेटिना वाढवतात. २०११ मध्ये जपानच्या योशिकी सासाईंच्या टीमने उंदराच्या स्टेम सेल्सपासून डोळ्याची वाटी (गर्भात डोळा बनताना रेटिनाचा जो वाटीसारखा आकार होतो तो) तयार केली आणि तो आकार पेशींनी आपला आपणच घेतला, कुणी साचा दिला नव्हता! मला अजून नवल वाटतं त्याचं. आणि उंदराला मॅक्युला (रेटिनाचा मधला, बारीक तपशील दिसणारा भाग) नसतो, त्यामुळे माणसाचे सगळे आजार त्याच्यात नीट कळत नाहीत.

— मी हेच काम करते. सहा-सात महिने सांभाळावं लागतं, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) बदलायचा, मग मायक्रोस्कोपखाली कडेला बारीक ब्रशसारखे केस दिसायला लागतात, ती फोटोरिसेप्टरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, टोकं. पण रक्तवाहिन्या नसतात म्हणून मधल्या पेशी मरतात, ही मोठी अडचण आहे.

— मग भावाला काय फायदा?

— लगेच नाही हो. पण औषध किंवा जीन थेरपी (बिघडलेल्या जीनवरचा उपचार) आधी अशा रेटिनावर तपासता येते. जेनेटिक टेस्ट झाली नसेल तर ती आधी करून घ्या.